देणाऱ्याचा रंग

२ सप्टेंबर १९९१

हमिदा दहावीला विज्ञानात राहिली. बाकी सगळं पास — मराठीत तर एकाहत्तर! तिचा बाप महमूद, शेजारचा, सुताच्या रंगखात्यात कामाला. दारातूनच म्हणाला, "सर, ऑक्टोबरला बसवतो. एक ही बार. राहिली तर घरीच." पोरगी मागे उभी राहून अंगठ्याने फरशी खरवडत होती. तिला नर्स व्हायचंय. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी शिकवतो."

मी! जन्मभर मराठी शिकवलेला.

४ सप्टेंबर

धडा चार वेळा वाचला. ऑक्सिडीकरण आणि क्षपण. एक इलेक्ट्रॉन देतो, दुसरा घेतो. एकट्याने काही घडतच नाही — देणारा हवा तसा घेणाराही हवाच. इतकी गोड गोष्ट तीस वर्षं शेजारच्या वर्गात शिकवत होते, आणि मी भिंतीअलीकडे कविता म्हणत होतो!

५ सप्टेंबर

कोणाला काय म्हणायचं, हे हमिदाच्या लक्षात राहीना. मग जुन्या पाठांतराच्या चालीवर ओळी जुळवल्या —

देई त्याचे क्षपण झाले,
घेई त्याचे ऑक्सिडीकरण.

पुस्तक बघावंसंही वाटलं नाही. क्षपण म्हणजे झीज; देणाराच झिजतो, हे का बघायला लागतं? तिने वहीत उतरवलं. पेन तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"काय गं?"

"काय न्हाय, सर. परत म्हणा ना."

१८ सप्टेंबर

रोज मलाच म्हणायला लावते. "तू म्हण" म्हटलं तर, "माझी चाल चुकते." आज तिची आई खुर्शीद भिंतीपलीकडून, घरच्या लूमच्या खडखडाटावरून ओरडली, "सर, आवाज अजून तसाच हाय!" लाजलो. आणि लाजत लाजत शाळेतल्या आणखी तीन कविता म्हटल्या. कमळ जाऊन दोन वर्षं झाली. ती असती तर म्हणाली असती — पुरे आता, चहा निवला.

९ ऑक्टोबर

पेपर झाला. "बरा गेला, सर."

११ ऑक्टोबर

महमूदने हौसेने रंगखातं दाखवलं. पिंपातून सुताची लड वर काढली — पिवळट हिरवी! म्हटलं, "निळी म्हणालास ना?"

"सबर करा, सर. हायड्रोची पावडर टाकली की रंग मरतो. आता हवा लागू द्या."

आणि डोळ्यांदेखत निळी झाली! श्रावणातलं आभाळ उघडावं तशी.

घरी येऊन पुस्तक काढलं, महमूदचं पिंप ताडून पाहिलं. पावडरीने इलेक्ट्रॉन दिले, रंगाने घेतले — ते क्षपण. बाहेर आल्यावर रंगाने ते हवेला देऊन टाकले — ते ऑक्सिडीकरण. दिले, म्हणून निळा झाला!

माझी ओळ उलटी. साफ उलटी! आणि पोर ती घोकून पेपरला गेली.

१२ ऑक्टोबर

सांगायला गेलो. ती भाकऱ्या थापत होती, हसली. न सांगताच परत आलो.

७ डिसेंबर

पास! विज्ञानात अठ्ठावन्न! महमूद नर्सिंगची चौकशी करतोय. न राहवून हमिदाला सांगितलं, "मी तुला उलटं शिकवलं होतं गं."

तिने वही आणली. ५ सप्टेंबरचं पान. माझ्याच दोन ओळी — शब्दांची अदलाबदल करून, बरोबर.

"तुमची ओळ पुस्तकाशी जुळेना, म्हणून पाच वेळा वाचलं. तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही गप झाला असता. कमळकाकू गेल्यापासून तुमच्या घरातनं कविता ऐकूच येत नव्हती, सर."