नववी पट्टी

१ जून १९८७, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस अपेक्षेपेक्षा फारच चांगला गेला. भिवापूरहून आणलेली ट्रंक सक्करदऱ्याच्या भाड्याच्या खोलीत ठेवली आणि तळ्याच्या काठाने चालत मधुकररावांच्या घरी पोहोचले. सर भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. मागच्या खोलीत त्यांचा जुना विजेचा ऑर्गन आहे. मोटर जळून गेलेली. त्याच्या पोटात एक्याण्णव दातेरी चक्रे आहेत. प्रत्येक चक्र चुंबकासमोर फिरले की एक स्वर निघतो. हाच ऑर्गन सरांना पुढच्या खोलीतल्या संगणकात पुन्हा उभा करायचा आहे.

पडद्यावर नऊ पट्ट्या दिसतात. प्रत्येक शून्यापासून आठपर्यंत ओढता येते आणि त्याप्रमाणे स्वराचा पोत बदलतो. पट्ट्या जुळवून आकडे तक्त्यात भरणे, हे माझे काम. एकही रकाना रिकामा न सोडणारी मुलगी, अशी माझी शिफारस झाली होती म्हणे. संकोच वाटला, आनंदही झाला.

झाडलोट करणाऱ्या कांताबाईंनी विचारले, "तोंडाले कुलूप लावून आली काय वं?" मी नुसती हसले.

२ जून

प्रोग्रॅमचा स्वर फार स्वच्छ येतो, मेल्यासारखा. खऱ्या यंत्रात एका चक्राचा स्वर शेजारच्यात झिरपतो, कळ दाबताच बारीक 'टक्' वाजते. सरांनी हे दोषही घालून पाहिले आहेत. आता माणसाचा आवाज नमुना म्हणून हवा, असे ते म्हणाले. मी मायक्रोफोनपुढे मिनिटभर 'आ' लावला. रोज एक पट्टी माझ्या आवाजाच्या एकेका थराशी जुळवायची.

पहिली जुळली. स्वरात ऊब आली.

संध्याकाळी माझा आवाज बारीक झाला होता. कूलरच्या गार वाऱ्याने असेल.

४ जून

तिसरी पट्टी झाली. दुकानात काडेपेटी तीनदा मागावी लागली.

कपाटात माझ्याआधी हेच काम करणाऱ्या चारुलताचा तक्ता सापडला. आठ रकाने भरलेले, नववा कोरा. खरे सांगायचे तर तिच्याविषयी किंचित तुच्छता वाटली. कांताबाई म्हणाल्या, "बोलेच ना ती. एक दिवस उठून गेली, मंग आलीच नाई."

७ जून, रविवार

पाच पट्ट्या झाल्या आहेत. ठरल्याप्रमाणे भिवापूरला, मिरचीच्या अडत्याच्या दुकानात ट्रंक कॉल लावला. आई येऊन बसली होती. मी बोलत होते.

"कोन आहे? काहून बोलून नाई राहिलं? नुसतं वारं वाजून राहिलं," असे म्हणून तिने फोन ठेवला.

मी रिसीव्हर ठेवला आणि कॉलचे पैसे दिले. रडू आले नाही.

८ जून

सहावी. मी अंगणात नळावर हात धूत असताना कांताबाई घरातून धावत आल्या. मला पाहून थबकल्या.

"आतून तूच हाक मारली ना मले?"

संगणक सुरू होता. कळेला कुणाचा हात नव्हता.

९ जून

सातवी. काय होते आहे, हे चिठ्ठीवर लिहून सरांना विचारले. चारुलतानेही हेच विचारले होते, असे म्हणून त्यांनी तक्ता पुढे सरकवला. मी बसले. सांगितलेले काम मी कधी नाकारलेले नाही.

१० जून

आठवी. आता घशातून काहीच निघत नाही.

कांताबाई चारुलताला शोधून आल्या. तिची चिठ्ठी आणली: "आठ पट्ट्यांत ओठांवरचा आवाज जातो. नववीत मनातला. ती सोडली, म्हणून मी अजून विचार करू शकते. नववी करू नकोस. परत गावी जा."

ट्रंक भरून ठेवली आहे.

११ जून, दुपार

निरोप घ्यायला आले. सर घरी नाहीत. तक्ता मेजावर. आठ रकाने भरलेले. एक कोरा.

भीती वाटायला हवी. वाटत नाही.

चप्पल पायात आहे. दार उघडे —

एक कोरा.

फक्त पाहीन. पट्टी एकवर. दोनवर —

कांताबाई बाहेरून ओरडताहेत, "नको करू वं पोरी!" त्यांचे शब्द येतात, पण आत पोहोचत —

चार. पडद्यातून कुणीतरी हे वाचते आहे. मी लिहायच्या आधी —

पाच. आईला कळवायचे होते, की —

सहा. पुढचा शब्द कोणता

सात. रकाना भ