फटफटीच्या पोटातले तांदूळ

मु. पो. पिंपळनेर, ता. साक्री
दसरा होऊन पाचवा दिवस

ती. कोकिळाअक्काच्या पायांवर हेमराजचं डोकं. (लांबूनच ठेवतो. डोक्याला ग्रीस आहे.)

मी इथे जिवंत आहे. तू कशी आहेस? भाविकाचा पुढचा दात पडला का? जिजाजींची केळी गाडीत चढली का, की व्यापारी अजून नुसते बागेत फिरून चहाच पिताहेत? सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? त्यांना माझा नमस्कार सांग, पण हे पत्र दाखवू नकोस. आजकाल कोण पत्र लिहितं, असं तू म्हणशील. पण फोन लावला की तू म्हणतेस, "हेमराज बोलतोय," आणि सासूबाई आतून म्हणतात, "स्पीकर लाव." आता मला गाऱ्हाणं सांगायचंय त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचं. ते मी स्पीकरवर सांगू? म्हणून शाळा सोडल्यानंतर पहिल्यांदाच एवढं लिहायला घेतलंय. चुका असतील तर समजून घे. आठवीच्या मास्तरांनीही समजूनच घेतलं होतं, म्हणून तर मी नववीत गेलो आणि तिथून निघून आलो.

तर अक्का, मुद्दा असा की मला इथून ने.

थांब, लगेच कपाळाला हात लावू नकोस. मला आठवतंय. मी सावद्याला केळीच्या गाडीवर दीड महिना टिकलो, सुरतला साड्यांच्या घड्या घालायला पंचवीस दिवस, पुण्यात पार्सल पोचवायला दोन महिने (त्यातले वीस दिवस गल्ल्या शोधण्यात गेले), आणि लग्नाच्या डीजेच्या जनरेटरवर एक लग्न. तेही पूर्ण नाही, हळदीपर्यंतच. तेव्हा तू सगळ्या सासरासमोर सासूबाईंना शब्द दिलास की माझा भाऊ लोटनमामांच्या गॅरेजवर आखाजी ते आखाजी एक साल काढेल, मोटारसायकलचं आणि शेतातल्या लहान इंजिनांचं सगळं काम शिकेल, आणि नाही काढलं तर मी पुन्हा माहेरचं नाव काढणार नाही. हे तू मला न विचारता बोललीस. सालदार ठेवतात तसं मला ठेवलं. फरक एवढाच की सालदाराला निदान बैल हाकू देतात.

तुमचे लोटनमामा, म्हणजे इथले लोटन आबा, हा माणूस कसा आहे ते तुला माहीत नाही. भाचेसून म्हणून वर्षातून एकदा पाया पडलीस की ते तुला आशीर्वाद देतात आणि तू म्हणतेस, काय देवमाणूस. देवमाणूस खरंच. देवासारखेच, बोलतच नाहीत. पहिले दोन महिने मी फक्त धुणं धुतलं. कपड्यांचं नाही. गाड्यांचे सुटे भाग, डिझेलच्या ट्रेमध्ये, दात घासायच्या ब्रशनं. त्या दिवसांत माझ्या भाकरीलाही डिझेलचा वास यायचा आणि गावातली कुत्री मला पाहून बाजूला व्हायची. तिसऱ्या महिन्यात बढती झाली. डोळे मिटून बसायचं आणि नट बोटांनी चाचपून सांगायचं हा दहाचा, हा बाराचा. चुकलं की आबा काही बोलत नाहीत, नुसता तो नट पुन्हा ढिगात टाकतात. अक्का, त्यापेक्षा थोबाडीत मारलेली परवडली. मग एक दिवस म्हणाले, "प्लगनी वायर धर." मी धरली. त्यांनी किक मारली. मी मागच्या टायरच्या ढिगात जाऊन पडलो. आबा म्हणाले, "करंट शे." ही यांची शिकवण्याची पद्धत.

इकडची बोली वेगळी, आपली पूर्वेकडची वेगळी, हे एक दुःख आहेच. पण मोठं दुःख म्हणजे इथे नुसत्या मोटारसायकली नाहीत. पाठीवर घ्यायचे फवारणी पंप येतात, गवत कापायची यंत्रं येतात, आणि प्रत्येकाचा मालक शपथेवर सांगतो की यंत्राला काही झालं नव्हतं, आपोआप बंद पडलं. एका पंपातून मुंग्यांचं वारूळ निघालं. मालक म्हणाला, कालपर्यंत चालू होता. मुंग्यांनी काय एका रात्रीत संसार मांडला? अशा वेळी आबा स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावतात, मूठ कानाला लावतात आणि डोळे मिटून घेतात. "आयक," मला म्हणतात, "इंजिन काय म्हनस ते आयक." मीही ऐकलं. मला फक्त कान भाजल्याचं कळलं.

आता मूळ प्रकरणावर येतो. (बसून वाच.)

खंडेनवमीला आपल्याकडे विळे-कोयते पुजतात तसे इथे नट आवळायचे पाने पुजतात. सकाळी आबा आंघोळीला जाताना म्हणाले, "पूजा मांड." एवढंच. किती मांड, कुठवर मांड, काही नाही. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या हातात काहीतरी दिलं होतं, म्हणून मी जीव ओतून मांडली. गोणपाटावर सगळे पाने उतरत्या क्रमाने लावले, त्यावर झेंडूची फुलं, हळद-कुंकू. हवा भरायचा कॉम्प्रेसर पुजला, लोखंड पकडायची व्हाइस पुजली, आबांचा चष्मासुद्धा पुजला. मग कोपऱ्यात उभी असलेली मोटारसायकल दिसली. ती आबांच्या व्याह्यांची, शिंदखेड्याच्या ज्ञानेश्वरनानांची. आबांची मोहिनी त्यांच्या घरी दिली आहे. नाना दसऱ्याला सोनं द्यायला सपत्नीक आले होते, आणि येता येता गाडी घुसमटते म्हणाले म्हणून आबांनी आदल्या संध्याकाळी तिचा प्लग काढून घासायला ठेवला होता. आता तूच सांग, घरच्या कॉम्प्रेसरला फूल वाहायचं आणि व्याह्यांच्या गाडीला नाही? लोक काय म्हणतील? मी तिला हार घातला, टाकीवर स्वस्तिक काढलं, आणि मूठभर अक्षता इंजिनावर वाहिल्या. अगदी भक्तीनं. वरून.

प्लग काढला की तिथे भोक राहतं. हे मला माहीत होतं. ते भोक थेट इंजिनाच्या पोटात जातं, हेही माहीत होतं. पण हात जोडल्यावर माणूस भोकं बघतो का?

पुजलेल्या वस्तूला त्या दिवशी कुणी हात लावत नाही. दसऱ्याला सकाळी पूजा उचलल्यावर आबांनी घासलेला प्लग स्वतःच्या हातानं बसवला. (हे मी नंतर दोनदा बोलून दाखवलं. दोन्ही वेळा कुणी ऐकलं नाही.) ज्ञानेश्वरनाना पांढरंशुभ्र धोतर आणि टोपी घालून गाडीवर बसले. त्यांना गावात आपट्याची पानं वाटायची होती. विहीणबाई पुष्पाबाई पोपटी रंगाचं नवंकोरं लुगडं नेसून मागे बसायला उभ्या होत्या, नेमक्या सायलेन्सरच्या तोंडाशी. पहिल्या किकला किक जागची हलली नाही. दुसऱ्या किकला ती उलट आली आणि नानांच्या नडगीवर बसली. नानांनी मोहिनीच्या सासऱ्याला शोभणार नाही असा एक शब्द काढला. तिसऱ्या किकला इंजिन सुरू झालं, आत कुणीतरी दगड दळतंय असा आवाज झाला, सायलेन्सर दोनदा खोकला आणि त्यातून काळ्या लाह्या बाहेर पडल्या. सगळ्या पोपटी लुगड्यावर. मग गाडी गप्प.

आबांनी प्लग काढला, तारेला ग्रीस लावून आत फिरवली, एक दाणा बाहेर काढला, तळहातावर ठेवला आणि सगळ्यांना दाखवला.

"तांदूय शेत." (म्हणजे तांदूळ आहेत.)

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. विहीणबाई लुगडं झटकत प्रमिलाकाकूंना (म्हणजे आपल्या आबांच्या मंडळींना) म्हणाल्या, "काय हो विहीणबाई, लग्नात अक्षता कमी पडल्या होत्या का, मागून टाकताय त्या?" काकूंचा चेहरा पडला. नानांनी लंगडत, पायी जाऊन सोनं वाटलं. वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला गाडी कुठे आहे ते सांगितलं आणि का आहे तेही सांगितलं. आता पिंपळनेरात मला कुणी हेमराज म्हणत नाही. 'अक्षता' म्हणतात. फवारणी पंप घेऊन आलेला माणूस आधी विचारतो, "आज पूजा तर नाही ना?"

आणि परवा सकाळी आबा मला बघून म्हणाले, "तुना जिजाले बलाव."

संपलं. जिजाजींना बोलवायचं म्हणजे काय, हे समजायला नववी पास व्हावं लागत नाही. तर जिजाजींना पाठव, मी तयार आहे. मलाही काही इथे राहायची हौस नाही. सासूबाईंना असं सांग की हेमराजला पिंपळनेरचं पाणी मानवलं नाही, पित्त झालं. हाकलला असं म्हणू नकोस. तू दिलेला शब्द माझ्यामुळे जातोय हे मला कळतंय, त्याबद्दल लिहायला घेतलं होतं पण शाई फुटली. नाशिकला एक मित्र बोलावतोय, काचा पुसायचं काम आहे, उंच इमारतींच्या. तिथे निदान कुणी लाह्या काढत नाही.

जिजाजींना नमस्कार. भाविकाला पापा.

तुझा वैतागलेला भाऊ,
हेमराज

ता. क. अक्का, वर एक दिवस लिहायचा राहिला. म्हणजे राहिला नाही, मीच वगळला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आबांनी ती गाडी ढकलत माझ्यासमोर आणून उभी केली आणि म्हणाले, "तूच टाकात ना? मंग तूच काढ." आणि पान्यांची पेटी माझ्यापुढे ठेवून शेजारच्या दुकानात जाऊन बसले. मी आजवर पूर्ण इंजिन कधी उघडलेलं नव्हतं. नाना खाट टाकून, पाय वर करून समोर बसले होते, आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होते, "आत डाळ पण टाक, खिचडी होईल." मी इंजिनाचं झाकण, म्हणजे हेड, उचललं. पिस्टनवर तांदूळ असे करपले होते जसे तू पहिल्यांदा भात केलास तेव्हा पातेल्याला. खरवडून काढले, वाल्व साफ केले, सगळं परत बसवलं, तर एक वॉशर हातात उरला. पुन्हा उघडलं. दुपार गेली. मग किक मारली. एका किकला चालू झाली, अक्का. एका! नानांनी खिचडीचं नाव घेणं बंद केलं आणि त्याच गाडीवर शिंदखेड्याला गेले. आजवर मी जे जे बिघडवलं तिथून पळालो. बिघडवलेलं मीच चालू केलं असं पहिल्यांदा झालं. त्यामुळे मला आता जायचं नाही. वर जे 'हौस नाही' वगैरे लिहिलंय ते खोडत बसत नाही, कागद फाटेल. खरं काम हे आहे: जिजाजींना एकट्याला पाठवू नकोस, ते आबांसमोर हो ला हो करतात. तू स्वतः ये. आबा भाचेसुनेला नाही म्हणणार नाहीत. त्यांना सांग, आखाजीपर्यंत ठेवा. पुन्हा धुणं धुवायला लावलं तरी चालेल.

ता. क. दुसरा. घात झाला. डिंक आणायला गेलो तेवढ्यात हे पत्र काकूंना सापडलं आणि त्यांनी ते आबांना पहिल्यापासून वाचून दाखवलं. देवमाणूस, थोबाडीत, सगळं. मी आलो तेव्हा काकू डोळ्याला पदर लावून हसत होत्या. आबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं होतं. मला म्हणाले, "कागद अजून शिल्लक शे ना? मंग खाले लिख. थंडी येई र्‍हायनी, पोर्‍या गाडीनं कव्हर पांघरीसन झोपस. जिजा येई तवय त्याना हातवर गोधडी धाडा." मी म्हटलं, आबा, जिजाजींना त्यासाठी बोलावलं होतं? तर काकू म्हणाल्या, "मग कशाला? ते अर्धंच बोलतात रे, मी तीस वर्षं उरलेलं अर्धं शोधतेय." तीन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही, अक्का, आणि या माणसाला पुढची चार अक्षरं बोलायला जड गेली!

तू येऊ नकोस. जिजाजी एकटे आले तरी चालतील. गोधडी जाड पाठव, दोन थंड्या निघतील अशी.