मिरचीच्या माथी मारलेला खोकला

माय, माझा खोकला गेला. अकरा दिवस झाले, एकदाही आला नाही. आज सकाळी बस स्थानकाच्या माईकवरून शहादा, प्रकाशा, अक्कलकुवा, मोलगी अशा ओळीने सगळ्या गाड्या पुकारल्या आणि मध्ये कुठेही अडले नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढ्यानं काय नाचतेस. पण मला नाचायचंच आहे. तीन महिने या कोरड्या खोकल्याने माझी शोभा केली होती. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात गुदगुली, आणि गाडीचं नाव तोंडात असतानाच ढास लागायची. मोलगीची गाडी घाटात खोकते ते ठीक, फलाटावर कशाला खोकता, असं एक वाहक म्हणाला, तेव्हा मीही हसले आणि हसता हसता पुन्हा खोकले. साहेब मात्र हसले नाहीत. महिनाअखेरपर्यंत आवाज सुधारला नाही तर पासच्या खिडकीवर बसा, म्हणाले. ज्या आवाजावर मी इतकी वर्षं भाकरी खाल्ली, तोच जायला निघाला होता.

उपाय सगळे केले. मध चाटला, ज्येष्ठमध चघळलं, मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या. घटकाभर बरं वाटायचं, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला म्हणून डॉक्टरांनी थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला. दोन्ही स्वच्छ निघालं. तेव्हा मीच त्यांना सांगितलं, की माझी आई मिरची वाळवायच्या पथारीवर मजुरीला होती, मी त्या ढिगांत वाढले, हा तिथलाच ठसका. त्यात मिरचीचा हंगाम, अर्धं नंदुरबार शिंकत होतं. त्यांनाही पटलं. आमच्या गावात खोकल्याचं दुसरं कारण शोधायला कोण जातो?

मग एका दुपारी ढास थांबायची वाट बघत माईकसमोर बसले असताना तुझी पथारी आठवली. मी नऊ वर्षांची आहे, शाळेतून थेट तुझ्याकडे आलेय. तोंडाला पदर बांधून बायका देठ खुडताहेत आणि एकाएकी पाच-सहा जणी खोकायला लागतात. मिरचीच ती, खोकला येणारच, म्हणून बाकीच्या खुडत राहतात. तू उठतेस. मी मध्ये लुडबुडते म्हणून माझ्यावर खेकसतेस आणि बायकांना म्हणतेस, "मिरची तं रोजच शे. आज नवं काय उनं, ते दखा." सकाळी उतरवलेलं एक पोतं तू ओढून काढतेस. आतली मिरची ओल धरून काळी पडलेली, तोंड सोडताच बुरशी उडते. पोतं बाहेर जातं आणि थोड्या वेळाने बायका पुन्हा गप्पा मारायला लागतात.

माझी मिरची तर जन्मापासूनची. मग नवं काय आलं? घरी जाऊन औषधांचा डबा उपडा केला. दिवाळीनंतर दुसऱ्या दवाखान्यातून रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती आणि खोकला तिच्या मागोमाग आला होता. खोकल्याशी तिचा काय संबंध, म्हणून मी ती डॉक्टरांना कधी दाखवलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. नाव वाचून ते म्हणाले, या जातीच्या गोळीने काहींना असा खोकला येतो. आपल्या मनाने बंद केली नाही हे चांगलं केलंत, बदलून देतो. नव्या गोळीवर रक्तदाब ठीक राहिला आणि खोकला दोन आठवडे रेंगाळून निघून गेला. तुमच्या लक्षात कसं आलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा माझी सगळी माईकवरची मराठी कुठे गेली कोण जाणे. "मन्ही मायनी शिकाडं," मी म्हटलं. काय ताठ मानेने म्हटलं, तू बघायला हवं होतंस.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि तुला अक्षरही वाचता येत नव्हतं. तरी एक कबूल करते. आई काय करायची असं कामावर कुणी विचारलं, तर घरीच असायची, असं मी सांगत आले. तू पथारीवर होतीस हे मी पहिल्यांदा सांगितलं ते त्या डॉक्टरांना, आणि तेही माझ्या खोकल्याचा दोष तुझ्यावर ढकलायला.