डाव्या पायाचं माप

ता. ३ मार्च

चि. ठकीस आशीर्वाद, वि. वि.

फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही, नि तू लपवतेस ते तर मुळीच नाही, म्हणून लिहितो. गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन नीट झालं म्हणतेस, मग मांडी अशी का वाळली? तू पाठवलेलं माप पुन्हा पुन्हा वाचलं. जन्मभर लोकांच्या पँटी शिवल्या, पण एकाच माणसाचे दोन पाय असे सवतीच्या पोरांसारखे पाहिले नाहीत.

टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवून दाबतेस ना? कंटाळा करू नकोस. बसचा क्लच डाव्या पायाने दाबतात एवढं मलाही कळतं. तुझ्या जागी आलेला ड्रायव्हर आपल्या कोपऱ्यावर हॉर्न वाजवत नाही. तरी मी सवयीने खिडकीशी जातो. बस निघून जाते. तुझी आई असती तर म्हणाली असती, बसा आता गप. तेवढं म्हणायलाही कोणी नाही.

तुझी ड्युटीची पँट शिवायला घेतली आहे. पायाला जप.

काळजीने अर्धा झालेला,
तुझा बाबा

ता. ११ जून

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पँट पोचली. उजवा पाय झकास बसला. डावा मांडीत अडकला तो वर सरकेचना! व्यायाम करवून घेणाऱ्या बाई हसून हसून मला धरायचंच विसरल्या. म्हणाल्या, मांडी भरली याला आणखी काय पुरावा हवा? ताकद मात्र अजून उजव्याइतकी नाही. मशीनवर वजन ढकलताना डावा पाय थरथरतो. परवा त्याची परीक्षा आहे. पास झाले तर बस, नाहीतर कायमची तिकीट खिडकी. खोलीवर भिंतीला पाठ टेकून अर्धी बसते नि मोठ्याने आकडे म्हणते. घरात तेवढाच आवाज.

एक विचारू? डावी शिवण उसवली, तर आत जादा कापडच नाही. शाळेतल्या पोरांच्या पँटींना तुम्ही वाढीचं कापड सोडता. माझ्या पायाला का नाही सोडलंत?

रागाने नाही, नुसतं विचारलं. लोभ होता तसाच राहू दे.

तुमची ठकी

ता. १९ जून

चि. ठकीस आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मशीनला हात लावला नाही. तुझी पँट कापताना डाव्या पायाशी कात्री थांबली होती. मनात आलं, हा पाय आता एवढाच राहणार. तुझ्या आईच्या वेळी डॉक्टर शेवटपर्यंत बरं वाटेल म्हणत राहिले. तेव्हापासून कोणी बरं होणार म्हटलं की मला धास्तीच वाटते.

चिंध्यांची पिशवी उपसली. तुझ्या कापडाची पट्टी सापडली. इस्त्री करून ठेवली आहे, पण पार्सलने पाठवणार नाही. कागदावरच्या मापाने एकदा फसलो. पँट घेऊन तूच ये, अंगावर बघून जोडतो.

परीक्षेचं तू कळवलं नाहीस. मी विचारत नाही. बस चालवत आलीस तर कोपऱ्यावर हॉर्न वाजव. मागच्या सीटवर बसून आलीस तर त्या ड्रायव्हरला वाजवायला सांग. मी खिडकीशी आहेच.

वाट पाहणारा,
तुझा बाबा