कोठीतला तिसरा डबा

तामलवाडी,
शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५

चि. अमरनाथ भाऊजींना राजेश्वरीचा आशीर्वाद.

इथं माहेरी सगळं ठीक आहे. पावसानं काळं पडलेलं सोयाबीन दादा काढतोय, आई गुडघा धरून बसलीय पण तोंड चालू आहे. तुम्ही खुशाल असालच. अडचणीत असता तर वहिनीचा फोन पहिल्या रिंगला उचलला असता.

आजच्या जमान्यात पत्र कसलं लिहिते म्हणाल. काय करू? मेसेजवर दोन निळ्या रेघा येतात आणि तुम्ही गप. हे रजिस्टर पोस्टानं येईल. सही करून हातात घ्यावंच लागंल.

गल्लीतल्या बायका म्हणतात, राजेश्वरी यंदा दिवाळीला लवकर आली. म्हणू दे.

जळकोटात माझ्याबद्दल काय बोलतात ते तुमच्या कानावर आलंच असंल. सुनेनं सासूवर रॉकेल टाकलं. हे माझ्याबद्दल! आता खरं काय झालं ते लिहिते. तुम्हाला ठाऊक आहे, तरी लिहिते, कारण ठाऊक असून गप बसणाऱ्याला पुन्हा ऐकवायलाच पाहिजे.

आठव्या माळेला आत्याबाई अखंड दिव्यात तेल घालायला गेल्या. आपल्या घरी नवरात्रात एरंडेलाचाच दिवा, आणि तो विझू द्यायचा न्हाई म्हणून जळत्या दिव्यातच धार धरायची. कोरोनापासून त्यांचं नाक गेलंय. भाकरी करपली तरी त्यांना कळत न्हाई. कोठीत एरंडेलाचे दोन डबे होते, त्यांच्या हाताला तिसरा लागला. धार धरली आणि भडका उडाला. डावा हात वाऱ्याला आडोसा म्हणून ज्योतीजवळ धरला होता, तो पार भाजला. पदर पेटला. मी परसातून पळत आले, घोंगडी ओढली आणि त्यांना त्यात गुंडाळून दाबून धरलं. पाणी मारायचं न्हाई, तेलाची आग पसरते, जाड कापड टाकायचं, हे मला कुणी शिकवलं होतं? तुम्हीच. तुमच्या शिकवणीनं तुमची आई वाचली. तेवढं पुण्य तुमच्या पदरात.

पहिल्यांदा आल्या त्या शेजारच्या अयोध्याकाकू. दारातच म्हणाल्या, "अगं बाई, रॉकेलचा वास येतोय की!" संपलं. दिवे लागायच्या आत गावभर झालं. अहो, रेशनला रॉकेल मिळायचं बंद होऊन जमाना झाला, आपल्या घरात चूल सुद्धा न्हाई. मग रॉकेल आलं कुठून? दवाखान्यात पोलीस जमादारानं हेच विचारलं, आणि विचारताना बघितलं माझ्याकडं.

कुठून आलं ते सांगू? तुमच्या त्या चिमणीएवढ्या मॉडेल विमानाच्या इंजिनासाठी आलं. ईथर, रॉकेल आणि एरंडेल, तिन्ही मिसळून तुम्ही इंधन करता ते. पहिल्यांदा आणलंत तेव्हा घरभर व्याख्यान दिलं होतं. वहिनी, ईथर उडून जातं, झाकण घट्ट लावा. प्लॅस्टिकमध्ये ठेवू नका. ऊन लागू देऊ नका. फ्रीजमध्ये तर अजिबात न्हाई, आत ठिणगी पडली तर संपलं. त्याची वाफ जड असते, जमिनीवरून सरपटत जाते आणि लांबचा दिवा सुद्धा धरते. डब्यावर लाल अक्षरात नाव पाहिजेच. मी सगळं ऐकलं. गोठ्यातली रिकामी खोली झाडून दिली, गोरोबा गड्याला बिडी घेऊन तिकडं फिरकू दिलं न्हाई. देवापेक्षा ह्या इंधनाचं सोवळं जास्त, म्हणून मी तुमची चेष्टा करायची, आठवतंय?

आणि पाचव्या माळेला तुम्हीच काय केलंत? विमान उडवून झालं, उन्हानं गोठ्याचा पत्रा तापलेला. ईथर उडालं की इंजिन चालू होत न्हाई, म्हणून तुमचा जीव कासावीस. उरलेलं इंधन एरंडेलाच्या रिकाम्या डब्यात ओतलं आणि कोठीत नेऊन ठेवलं. का, तर तिथं गार आणि अंधार! लातूरच्या त्याच घाण्याचा तोच पिवळा डबा. चिठ्ठी न्हाई, खूण न्हाई. निघताना दारातून "येतो वहिनी" म्हणालात, डब्याबद्दल एक शब्द न्हाई. इंजिनाला जपलंत हो, माणसाला न्हाई.

हे मी मनानं रचलेलं न्हाई. आत्याबाई भाजल्या त्याच दिवशी तुमचा फोन आला होता. आई कशी आहे हे विचारायच्या आधी तुम्ही विचारलंत, "वहिनी, कुठल्या डब्यातलं घातलं?" मग रडत रडत सगळं सांगितलंत. उद्या येतो म्हणालात. तुमचं उद्या अजून उजाडलं न्हाई.

मी का बोलले न्हाई? आत्याबाईंनी जबाबात "दिवा भडकला" एवढंच सांगितलं. जमादार गेल्यावर चांगल्या हातानं माझं मनगट धरलं आणि गळ्यातल्या इष्टलिंगाची आण घातली. "राजे, अमरचं नाव घेऊ नको. त्याची नोकरी पक्की व्हायचीय. पोलिसात नाव गेलं तर पोरगं आयुष्यातून उठंल." मी बरं म्हणाले. त्या वेदनेत होत्या, मी दुसरं काय म्हणणार? वाटलं, पोरगं शिकलेलं आहे, येईल आणि स्वतःच्या तोंडानं सांगंल.

कॉलेजात पोरांना विमानं शिकवायची तुमची नोकरी. इंधन कसं सांभाळायचं हे पण शिकवत असाल. कुठल्या तोंडानं शिकवता?

आत्याबाईंना डाव्या तळहातावर लिंग धरता येत न्हाई. दवाखान्यात रोज पूजेला त्यांच्या पट्टी बांधलेल्या हाताखाली मी माझा हात धरायची, म्हणजे त्यांचा हात थरथरू नये. आता कोण धरतंय, देव जाणे.

मी दिवाळीला आले न्हाई, भाऊजी. मला आणून सोडलंय. आत्याबाईंना घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या अण्णांनी, माझ्या नवऱ्यानं, मला गाडीवर बसवलं. "जरा निवू दे, मग बघू," म्हणाले. दादाच्या घरचा चहा सुद्धा घेतला न्हाई, दारातूनच गाडी वळवली. गाव काय म्हणतं त्याचा मला राग आहे, पण गावाला मी काय ओळखीची? ह्यांनी मला एकदा तरी विचारायचं होतं, राजे, काय झालं? एवढंच. विचारलं असतं तर लिंगाची आण मोडून सांगितलं असतं. विचारलंच न्हाई. संसार केला मी त्या माणसाबरोबर!

एवढं पण गिळलं असतं. पण काल प्रतीक्षाचा फोन आला. तिची सहामाही चालू आहे म्हणून तिला तिकडंच ठेवलंय. पोरगी मोरीत जाऊन हळू बोलत होती. शाळेत पोरी तिच्याजवळ डबा खायला बसत न्हाईत. मग म्हणाली, "आई, तू न्हाई ना केलंस?"

माझ्या पोटच्या पोरीनं मला हे विचारलं. तिच्या बापानं विचारायचं होतं, ते तिला विचारावं लागलं. मी न्हाई म्हणाले. ती बरं म्हणाली. पण तिनं मानलं का न्हाई, ते मला फोनवर कळलं न्हाई, आणि तेव्हापासून मला अन्न गोड लागत न्हाई.

तुमची आई तुम्हाला वाचवतेय, तिला मी दोष देणार न्हाई. पण मी पण आई आहे.

पुढच्या रविवारी, १९ तारखेला सकाळी मी जळकोटला जाणार. कुणी न्यायला येवो न येवो, एस.टी. आहे. तुम्ही या. अण्णांसमोर, अयोध्याकाकूंसमोर आणि सगळ्यात आधी प्रतीक्षासमोर उभं राहून सांगा की तो डबा तुम्ही ठेवला. पोलिसात जा म्हणत न्हाई, पण गेलात तर अडवणार पण न्हाई. तुम्ही आला न्हाईत तर मी सांगीन. आण मोडल्याचं पाप माझ्या डोक्यावर.

आणि सगळं कळल्यावर तुमचे अण्णा मला "घरात चल" म्हणाले, तर मी लगेच उंबरा ओलांडीन असं धरून चालू नका. आधी त्यांनी विचारायचं, मग मी सांगणार, मग बघू.

रविवारपर्यंत तरी तुमचीच वहिनी,
राजेश्वरी