ट्यूब सोडल्यावरचा चेहरा

११ मार्च
मोहोळच्या बाजूला तीन गावं केली. सकाळी निघताना बरं होतं, अकरानंतर स्कूटीच्या सीटवर बसवेना. स्कार्फ, गॉगल सगळं असूनही गाल चरचरतायत. काल रात्री ट्यूब लावायची राहिली. एक दिवस राहिली की चेहरा असा सूड उगवतो.

डाळिंबाच्या एका बागेत मालकाला झापलं. दुकानदार म्हणाला म्हणून तीन औषधं एकत्र करून मारली पठ्ठ्यानं. पानं करपली. म्हटलं, अहो, तो विकायला बसलाय, त्याला काय विचारता? तर म्हणतो, "पर मॅडम, पयले दोन दिवस बाग लई चकाचक दिसली की." शेती खात्यात एवढी वर्षं काढली, हे ऐकायचं काही संपत नाही.

ह्यांनी परस्पर स्किनच्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवलीय. म्हणे तुझा गाल रोज नवीन रंग दाखवतो.

१४ मार्च, शनि.
सात रस्त्याजवळचा दवाखाना. डॉ. बाई वयानं लहान, पण नजर करडी. गालावरचे वांग दिव्याखाली बघितले. उन्हाचे आहेत म्हणाल्या, वर्षानुवर्षांचे. घरी काय काय लावता? मी सांगत गेले. बेसन, दही, बटाट्याचा रस, आठवण झाली तर सनस्क्रीन.

"आणि?"

मग पर्समधून ट्यूब काढली. गोरं करणारी. दिवाळीच्या आधी घेतली होती. महिन्याभरात वांग गायब, ऑफिसात सगळ्या विचारायला लागल्या होत्या. आता पुन्हा वर आलेत.

"कोणी दिली?" मेडिकलवाल्यानं. "तुम्ही काय काम करता?" शेतकऱ्यांना औषधांचा सल्ला देते. बाई गालात हसल्या. मला खुर्चीसकट जमिनीत जावंसं वाटलं.

ट्यूबमध्ये स्टिरॉइड आहे. त्यानं डाग दबतात, कातडी मात्र पातळ होते, मग ऊन आणखी आत शिरतं. आता बंद करायची. बंद केली की चेहरा खवळणार, लाल होणार, फोड येणार. आठवडे लागतील, कदाचित महिने. पील, म्हणजे वरचा थर सोलून काढणं, नाही का करता येणार? लेसर? सगळं आहे म्हणाल्या, पण आधी कातडी ताळ्यावर येऊ दे, आत्ता केलं तर डाग दुप्पट. तोवर साधं मॉइश्चरायझर, लिहून दिलेलं मलम, सनस्क्रीन दोन बोटं भरून, दुपारी पुन्हा. बेसन-बटाटा थेट भाजीत.

"आणि उन्हात शक्यतो जाऊ नका."
सोलापुरात?
त्याही हसल्या.

१८ मार्च
आला. चेहरा खवळून आला. भाजल्यासारखा. पाणी लागलं तरी झोंबतं. हे म्हणाले, "टोमॅटो उतरलाय बाजारात, पण आपल्या घरात तेजी आहे." हसले तर ओठाच्या कडा ओढल्या जातात, म्हणून न हसता रागावले. जमलं नाही.

ऑफिसात रुंद कडांची टोपी घालून गेले. शिपाई म्हणाला, मॅडम, क्रिकेटची अंपायर दिसताय. दिसू दे. टोपी चांगली आहे, आधीच घ्यायला हवी होती.

२२ मार्च, रवि.
वैरागहून थोरल्या जाऊबाईंचा फोन. आमच्या केतकीसाठी स्थळ. नातेपुत्याचं. मुलगा पुण्यात नोकरीला, घरी शेती, आई मोठी हौशी. "लई चांगली मान्सं हायती गं. पाच तारखेला रविवारी येत्यात. तू तेवढं तुझ्या तोंडाचं बघ. लिंबू चोळ की."

लिंबू! मागच्या उन्हाळ्यात त्यांचंच ऐकून लिंबू चोळलं आणि गच्चीवर कुरडया घालायला बसले. दुपारपर्यंत कुरडया वाळल्या आणि गालही. तिथूनच तर वांग वाढले.

केतकी आणि तो मुलगा महिनाभर फोनवर बोलतायत, हे आजच कळलं. तिला आवडलाय. स्वतः म्हणाली नाही, पण विचारल्यावर कपाट आवरायला घेतलं. माझी लेक आणि कपाट! गेले काही महिने चेहरा कसा उजळलाय पोरीचा. मला वाटलंच होतं, काहीतरी आहे.

२६ मार्च
काहीतरी होतं, ते हे नव्हतं.

बेसिनपाशी केतकीला गाठलं, हातात माझी ट्यूब. डाळींच्या डब्यांमागे टाकून दिली होती मी. (टाकून दिली म्हणजे ठेवली होती. फेकवत नव्हती.) जानेवारीपासून लावतेय. "तुझा चेहरा किती छान झाला होता आई, म्हणून."

म्हणून.

चेहरा उजळला तो मुलामुळे नव्हे. आता बंद केली तर पाच तारखेला पाहुण्यांसमोर माझ्यासारखं तोंड घेऊन बसावं लागणार. नाही केली तर...

हे म्हणाले, पाहुणे येऊन जाऊ देत, मग बंद कर, आठदहा दिवसांनी काय बिघडतंय. ह्यांच्यावर ओरडले. पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात आधी तेच आलं होतं.

२७ मार्च
केतकीला घेऊन डॉ. बाईंकडे. हे सोबत, मुद्दाम, बाईंकडून आठदहा दिवस मंजूर करून घ्यायला. बाई शांत. म्हणाल्या, आठ दिवसांनी चेहरा गळून पडणार नाही. पण पाहुणे झाले की साखरपुडा असेल. साखरपुड्याला बंद करेल? मग हळद. हळदीला? मग लग्नाचे फोटो, मग पहिला सण. थांबायचा मुहूर्त कोणता काढताय तेवढं सांगा.

ह्यांनी गाडीची किल्ली काढली. घरी निघालो. सिग्नलला के. मागून म्हणाली, "आज." एवढंच.

२९ मार्च, रवि.
ट्यूबला दाभणानं भोकं पाडली, उरलेलं पिळून काढलं आणि कचऱ्यात टाकली. औषधाच्या रिकाम्या डब्यांना भोकं पाडा, कुणी परत वापरू नये, हे आम्हीच गावोगाव सांगत फिरतो. के. म्हणाली, सरकारी कार्यक्रम झाला, आता फोटो काढ.

दुपारी दोघी फरशीवर, पंख्याखाली, तोंडावर गार पाण्यात पिळलेले फडक्याचे धडपे. बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. स्वयंपाक ह्यांच्याकडे. पिठलं केलं, त्यात मीठ दोनदा. तिघांनी न बोलता खाल्लं आणि मग के.ला हसू फुटलं ते थांबेना. "हसवू नका, दुखतंय, दुखतंय." इतकी सुखाची दुपार कितीतरी दिवसांनी.

२ एप्रिल
आता तिचाही खवळला. हनुवटीभोवती पुरळ, गाल लालबुंद. सकाळी आरशासमोर बराच वेळ उभी. मग माझ्याजवळ आली, "आई, फक्त रविवारपुरती. नवीन आणू एक." मेडिकल कोपऱ्यावरच आहे.

नाही म्हटलं. आवाज माझा मलाच कठोर वाटला. रडली. मी पण. खारं पाणी गालावर इतकं झोंबलं की दोघी एकदमच नळाकडे पळालो.

३ एप्रिल
जाऊबाईंनी वैरागहून पार्लरवाली ठरवलीय, शनिवारी ब्लीच आणि वर फाउंडेशनचा थर. "लग्नाच्या पोरीला असं दाखवत्यात व्हय?" म्हटलं वहिनी, ब्लीच केलं तर चामडी सोलून निघेल. फोन आपटला त्यांनी. हे म्हणतात तारीख पुढे ढकलू. के. म्हणाली, किती पुढे? आणि आत निघून गेली.

मुलाला तिनं काही सांगितलंय का? विचारलं नाही.

५ एप्रिल, रवि.
आले. मुलगा, त्याचे वडील, आई. जाऊबाई आधीच येऊन बसल्या होत्या, तोंड फुगवून.

मी ठरवलं होतं, पावडरसुद्धा लावायची नाही. के.च्या शेजारी बसले, माझंही तसंच लाल तोंड. मुलानं बघितलं, खाली बघितलं, परत बघितलं. मुलाच्या आईचा चेहरा मात्र कसा, गुळगुळीत, पांढरा. पोह्यांची बशी हातात तशीच धरून म्हणाल्या, "तोंडाला काय झालं गं बाळा?"

जाऊबाई घाईनं, "काय न्हाय, उन्हाचा चट्टा..."

"उन्हाचा नाही," के. म्हणाली. "गोरं व्हायची ट्यूब लावत होते. आई पण लावायची. डॉक्टरांनी बंद करायला लावली. अजून काही आठवडे असंच राहणार आहे."

इतकी सरळ! मला आतून भरून आलं. भीतीही वाटली. मुलाच्या वडिलांनी चहा ढवळला, साखर कधीच विरघळली होती. मुलाच्या आईनं ट्यूबचं नाव विचारलं. के.नं सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली. मग हळू, "मी बी तीच लावतीया. चार वर्सं झाली." मुलगा आईकडे बघतच राहिला. "बंद केल्यावर किती दीस असं ऱ्हातं?"

जाताना "कळवतो" म्हणाले. जाऊबाई म्हणाल्या, झालं, गेलं स्थळ. पोरीनं स्वतःच्या हातानं घालवलं. मी भांडले नाही. पोहे उरले होते, ते संध्याकाळी के.नं आणि ह्यांनी संपवले. के. बरी होती. मुलाचा मेसेज आला नाही.

१० एप्रिल
उन्हाचा पारा चढलाय. माझ्या कपाळावरची लाली उतरतेय असं हे म्हणतात, विश्वास ठेवावासा वाटतो. के.ची अजून तशीच.

दुपारी नातेपुत्याहून फोन. मुलाची आई. मी लग्नाचं काही ऐकायच्या तयारीनं पदर सावरून बसले, फोनवर! पण त्यांनी केतकीलाच मागितलं. सोमवारपासून त्यांनी ट्यूब बंद केलीय. तोंड उठलंय. घरात कुणाला जवळून बघू देत नाहीत, देवळात जायच्या बंद झाल्यात.

के. बाल्कनीत उभी राहून कितीतरी वेळ बोलत होती. धडपा कसा ठेवायचा, घासायचं नाही, लिंबू तर बिलकूल नाही, डॉक्टरांना आधी दाखवा. आत आली तेव्हा डोळे ओले होते.

काय म्हणाल्या?

"म्हणाल्या, मला घरच्यांसमोर बसवंना, तू परक्यांसमोर कशी गं बसलीस?"

मग?

"म्हटलं, आई बसली होती शेजारी."

लग्नाचं काही बोलल्या का, ते विचारायचं राहूनच गेलं.