हंबीररावाचा बैल आणि अमेरिकेचा बॉम्ब

चि. नाथाजी सुभेदार यास येसूअक्काचा आशीर्वाद. तुझा गुडघा कसा हाय? लष्करानं पेन्शन दिली, गुडघा मातर ठेवून घेतला. आमी बरी हाय, म्हंजे कालपरेंत व्हतो.

कृष्णात पुण्यास्नं सुट्टीला आलाय. कालिजात म्हणं खेळाचं शास्त्र शिकवत्यात. मला वाटलं, हुतुतू. तर न्हाई. अमेरिका नि रशिया एकमेकांवर बॉम्ब रोखून बसल्यात, आदी उडवंल तोबी मरणार, म्हणून कुणीच उडवत न्हाई, नि ह्याला शांतता म्हणायचं. (मी भाकरी थापायची थांबले, एवढं खरं.)

आता आमचं ऐक. आमचा एक बैल, शेजारच्या हंबीररावाचा एक, जोडी करून पाळीपाळीनं दोघांची रानं पेरायची, असा पैरा तुला ठावं हाय. औंदा आदी त्याचं रान पेरायची पाळी. कृष्णातानं कागदावर चौकोन काढलं नि म्हणाला, आजी, त्याचं रान मोठं, नुकसान त्याचंच जास्त. आदी आमचं पेर, न्हाईतर बैल देत न्हाई, म्हणून सांग, तो वाकणारच. मी बया गेले नि सांगून आले. कागदावर हंबीरराव शहाणा माणूस व्हता, तिथंच सगळं फसलं. अरं, जलमभर शेजार काढलाय, मला तर इचारायचं. तो म्हणाला, "काकी, माझं पडू दे पडीक, पर तुमचंबी पडंल." मग कृष्णात म्हणाला, व्यापार तोडू. त्यांचं ताक बंद केलं. त्यांनी आमाला त्यांचं जातं बंद केलं. आता दोन बैल दोन दावणींना रवंथ करत्यात, रानातला वापसा, पेरणीची ओल, उडून चाललाय, शाळवाचं बी पोत्यातच, नि पिठावाचून आमी भात गिळतोय.

एवढं झाल्यावर पोरगं म्हणतंय काय, तर आजी, अगदी असंच पुस्तकात दिलंय. म्हंजे शेवट ठावं असून मला धाडलं. नाथा, त्याचा बाप तिकडं सरहद्दीवर बर्फात उभा हाय, नि त्याला उभं करणारी मंडळीबी असंच चौकोन काढत असतील, तर समोरच्या देशात एखादा हंबीरराव निघाला म्हंजे? तू एवढी वर्सं पलटणीत काढलीस, कवा बोलला न्हाईस. का तुमालाबी कुणी सांगितलं नव्हतं?

तुझी,
येसूअक्का

ता. क. तुझा बैल गड्यासंगं लगेच धाड, आमच्याला जोडी होईल. एवढ्यासाठीच लिहायला बसले व्हते.

आणखी ता. क. बैल धाडू नको. पाकीट डकवायच्या आदी पाणवठ्यावर सहज बोलले, नाथाचा बैल निघालाय. दिवेलागणीला हंबीरराव दारात. काकी, खरं हाय का? म्हणलं, कार्ड येईल, तवा बघ. तर बैल निघाला, एवढंच उघड्या कार्डावर लिही. आमचा पोस्टमन कार्ड आदी चावडीवर वाचतो, मग घरी देतो. कृष्णाताला कळवू नको. तो जाऊन हंबीररावाला समजावून सांगंल.